सेफ्टी ऑफिसरचा दाखला आणि त्याचा अधिकार

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि पुण्याच्या कारखानदारीत एक जुना वाद नव्याने सुरू झाला: सेफ्टी ऑफिसर म्हणून कायद्याने कुणाला मानायचे? भोसरी, चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत या व्यवसायातली चार माणसे जमली की हा विषय निघतोच. ज्यांनी राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘एडीआयएस’, मेहनतीने पूर्ण केले, ते म्हणतात की बाकीचे सगळे दाखले बाद करा. ज्यांनी आखाती नोकरीसाठी सुरक्षेचे ब्रिटिश प्रमाणपत्र ‘नेबॉश’ केले, ते विचारतात की परदेशात चालणारे प्रमाणपत्र आपल्या गावात का चालू नये. शॉप फ्लोअरवर हयात घालवलेले फोरमन म्हणतात की नुसत्या पुस्तकावर प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग घडवणाऱ्या यंत्रांचा विभाग, कळत नाही. आणि लघुउद्योजक म्हणतात, तुमचे काहीही ठरो, आमच्या डोक्यावर आणखी एक परवाना नको.

या चारही म्हणण्यांत तथ्य आहे. तरीही हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे असे मला वाटते, कारण सगळे जण एका माणसाच्या फायलीतल्या कागदावर भांडत आहेत. तो कागद मिळाल्यावर त्या माणसाला धोक्यात चाललेले मशीन बंद करता येईल का, आणि ते बंद केल्यावर महिनाअखेरीस त्याची नोकरी शाबूत राहील का, हे कुणी विचारत नाही. माझी भूमिका अशी आहे: सेफ्टी ऑफिसरला राज्याच्या परीक्षेतून मिळणारा, ठरावीक काळाने नूतनीकरण करावा लागणारा आणि चूक केल्यास निलंबित होऊ शकणारा परवाना असावा. पण त्याच कायद्यात त्याला काम थांबवण्याचा अधिकार आणि नोकरीचे संरक्षण मिळणार नसेल, तर त्या परवान्याने फक्त शिकवणी वर्गांची फी वाढेल.

आजवरचा कायदा काय होता? १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४०-ब हे १९७६ च्या दुरुस्तीने आले. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर नेमायचा. त्याहून लहान पण धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांनाही सरकार अधिसूचना काढून ही सक्ती करू शकत होते. महाराष्ट्राने १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम केले. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, नाहीतर विज्ञानाची पदवी, त्यावर पर्यवेक्षक म्हणून काही वर्षांचा अनुभव आणि सुरक्षेतली पदविका, असा पात्रतेचा साचा तेव्हापासूनचा. चार संहितांपैकी कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांच्या नव्या संहितेने कामगारसंख्येची अट खाली आणली: साध्या कारखान्यात ५००, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५०, बांधकामावर २५०, खाणीत १००. पात्रता काय आणि कर्तव्ये काय, हे मात्र त्या त्या सरकारच्या नियमांवर सोडले आहे. म्हणजे खरा निर्णय नियमांच्या मसुद्यातच होणार आहे, आणि म्हणून हा वाद नीट घालण्याची वेळ आत्ताच आहे.

आकडे खाली आले ही चांगली गोष्ट आहे, यात शंका नाही. पण पुणेकरांच्या लक्षात राहिलेल्या दुर्घटना आठवून पाहा. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवड्याला पाणी शुद्ध करणारी रसायने तयार करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि १७ जण गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या गाळ्यात आग लागली. पहिल्याच दिवशी सहा मृत्यू झाले आणि नंतर आकडा वाढत गेला. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्याच्या शास्त्रीनगरात बांधकामावर लोखंडी सळ्यांचा सांगाडा कोसळून पाच मजूर मेले. उरवड्याचा कारखाना किंवा तळवड्याचा गाळा हजारच्या कायद्यात बसत नव्हता, पाचशेच्या किंवा अडीचशेच्या कायद्यातही बसला नसता. एडीआयएसवाला आणि नेबॉशवाला ज्या खुर्चीसाठी भांडत आहेत, ती खुर्चीच तिथे कायद्याने मांडलेली नव्हती.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो. सगळ्यांत वजनदार आहे तो अनुभवाचा. पॉवर प्रेसवर बोटे कशी जातात हे पुण्याच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या प्रेस शॉपमधल्या जुन्या ऑपरेटरला जितके कळते, तितके वर्गात बसून कळत नाही. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असतात, पण उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी एक बटण पॅकिंग कोंबून कायमचे दाबून ठेवलेले असते. लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बायपास केलेला असतो. डाय, म्हणजे साचा, बसवताना प्रेसचा वरचा भाग खाली येऊ नये म्हणून ठेवायचा ठोकळा कोपऱ्यात पडलेला असतो. हे पाहणारी नजर कामातून येते. पदवीची अट घातली की हा माणूस कायमचा बाहेर राहतो आणि पदवी झाल्या झाल्या कोर्स केलेला मुलगा अनुभवाचा जेमतेम दाखला जोडून आत येतो, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

पण यावरून परीक्षाच नको हा निष्कर्ष निघत नाही, पदवीचा दरवाजा हा एकच दरवाजा नको इतकाच निघतो. आणि त्याचा नमुना आपल्याच देशात शतकभर चालू आहे. खाणीत मायनिंग सरदार (कामगारांच्या टोळीवर आणि तिच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारा), त्याच्या वरचा ओव्हरमन आणि मॅनेजर अशी वैधानिक दाखल्यांची उतरंड आहे. सरदाराच्या परीक्षेला बसायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. खाणीतल्या कामाचा अनुभव लागतो, प्रथमोपचार आणि वायू तपासणीचे दाखले लागतात, आणि मग परीक्षकासमोर उत्तर द्यावे लागते. बॉयलर अटेंडंटचेही असेच. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या काळापासून बॉयलरपाशी दाखलेवाला माणूस लागतो, आणि हेल्पर म्हणून आत आलेली कित्येक माणसे अशी परीक्षा देऊन वर चढली आहेत. घरातला मीटर बोर्ड जोडणाऱ्या वायरमनला परवाना लागतो. मग शेकडो माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने कुठल्या संस्थेतून कोर्स केला एवढेच पाहून सरकारने थांबावे का? कोर्स कुठलाही असो, एडीआयएस असो, नेबॉश असो किंवा वीस वर्षांचा शॉप फ्लोअर असो, शेवटची परीक्षा एकच असावी आणि ती राज्याने घ्यावी. तिच्यात तोंडी आणि प्रत्यक्ष भाग असावा: बंदिस्त टाकीत माणूस उतरवायचा आहे, वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, भरून दाखव, या प्रेसवर काय चुकले आहे ते सांग. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चांगले असतात, पण त्यांत आपल्या कारखाने निरीक्षकाचे अधिकार किंवा कंत्राटी कामगाराची अवस्था येत नाही. आणि कामगारांची भाषा आलीच पाहिजे. अनेक राज्यांच्या जुन्या नियमांत कामगारांपैकी बहुसंख्य जे बोलतात ती भाषा सेफ्टी ऑफिसरला यावी अशी अट आहे. आज चाकणच्या लाइनवर मराठवाड्यातला मुलगा, बिहारचा आणि ओडिशाचा मुलगा शेजारी शेजारी उभे असतात. तिथे टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या सूचना, इंग्रजी पाट्यांवरून वाचून दाखवल्या तर त्यातले काय पोचणार?

दुसरा आक्षेप यापेक्षा खोल आहे, आणि परवान्याच्या समर्थकांनी तो टाळता कामा नये. दाखले असूनही माणसे मरतात. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाळ्याच्या कोळसा खाणीत पाणी शिरून ३७५ खाणकामगार बुडाले. ती तर दाखलेवाल्या अधिकाऱ्यांचीच दुनिया होती. भोपाळमध्ये ज्ञानाची कमतरता नव्हती. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीच्याच तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून धोके लिहून दिले होते. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी सुटी केलेली होती. हे आतल्या लोकांना माहीत होते. मग आणखी एक परीक्षा घेऊन काय साधणार?

मला हा आक्षेप माझ्याच बाजूचा वाटतो. भोपाळने दाखवले ते हे की धोका ओळखणारा माणूस आणि धोका थांबवू शकणारा माणूस वेगवेगळे असतील तर ओळखण्याचा उपयोग होत नाही. आपल्या कायद्याने हा धडा अर्धाच घेतला. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांचे संपूर्ण प्रकरण आले, सुरक्षा समितीत कामगारांना जागा मिळाली, आणि कलम ४१-ह ने कामगाराला एक मोलाचा हक्क दिला: तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणायचा, आणि व्यवस्थापनाला धोका पटला नाही तर त्यांनी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे, निरीक्षकाचा निर्णय अंतिम. ही तरतूद नव्या संहितेतही आहे. सेफ्टी ऑफिसरच्या वाट्याला मात्र तेव्हाही आणि आताही मुख्यतः सल्ला आणि साहाय्य हेच काम आले. त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यावा, त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करावे, त्याच्या कर्तव्याशी विसंगत काम त्याला देऊ नये, असे नियम आहेत. प्रत्यक्षात काय चालते ते या व्यवसायातल्या कुणालाही विचारा. कँटीन त्याच्याकडे, गेटवरचे सिक्युरिटी त्याच्याकडे, पाहुण्यांच्या गाड्यांचे पार्किंग त्याच्याकडे, आणि ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या बॅनरवर नाव त्याचे. ‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, लिहून काढला तर प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन येतो की महिन्याचा रिपोर्ट खराब करू नका. त्याचा पगार, बढती आणि रजा ज्याच्या हातात, त्याच्याच लाइनला त्याने लाल कार्ड दाखवावे ही अपेक्षा माणसाच्या धैर्यावर टाकलेला अन्याय्य भार आहे.

या बाबतीत जगाने काय केले? पुणे परिसरात जर्मन कंपन्या कितीतरी आहेत. त्यांच्या मायदेशी १९७३ पासून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा आहे. सुरक्षातज्ज्ञाने आपले ज्ञान वापरताना मालकाच्या हुकमाने बांधलेले असू नये, आणि कर्तव्य बजावल्याबद्दल त्याचे नुकसान करता येऊ नये, असे तो कायदा स्पष्ट म्हणतो. त्याला नेमायला किंवा काढायला कामगारांच्या प्रतिनिधी मंडळाची संमती लागते. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत सक्षम व्यक्तीची व्याख्या दोन पायांवर उभी आहे: धोका ओळखण्याची क्षमता, आणि तो तत्काळ दूर करण्याचा अधिकार. दुसरा पाय नसेल तर तो माणूस त्या व्याख्येत बसतच नाही. आपल्या १९८७ च्या दुरुस्तीतल्या सक्षम व्यक्तीच्या व्याख्येत पात्रता आहे, अनुभव आहे, तिच्याकडची साधनसामग्री आहे. काम थांबवण्याचा अधिकार नाही. तरीही परदेशाकडे फार पाहायचीही गरज नाही. खाण कायद्यात मॅनेजरच्या वैधानिक कर्तव्यांवर परिणाम करणारे हुकूम मालकाला मॅनेजरला डावलून त्याच्या हाताखालच्या लोकांना परस्पर देता येत नाहीत. जमिनीखाली जे तत्त्व आपण मान्य केले, ते जमिनीवर चाकणच्या पेंट शॉपमध्ये का मान्य नाही?

तिसरा आक्षेप परवाना राजचा. उद्योजकांचा हा राग खोटा नाही. फायली अडवून पैसे काढण्याची पद्धत या देशात होती आणि ती पुरती गेलेली नाही, हे नाकारून कुणाशीच बोलता येणार नाही. पण इथे परवाना कारखान्याला नाही, माणसाला द्यायचा आहे. चार्टर्ड अकाउंटंटला १९४९ च्या कायद्याने दर्जा मिळाला, त्यांची नोंदवही उघडी असते, गैरवर्तन केल्यास नाव कमी होते. त्यामुळे कुणाचा धंदा अडल्याचे ऐकिवात नाही. सेफ्टी ऑफिसरांची अशीच नोंदवही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ठेवावी आणि कुणालाही ती पाहता यावी, इतके केले तरी एकाच माणसाचा दाखला पाच कारखान्यांच्या भिंतीवर लावायचा प्रकार थांबेल. शिवाय सध्याचा पर्याय तरी कुठे भ्रष्टाचारमुक्त आहे? सरकारी तपासणी कमी करून त्रयस्थ ऑडिटकडे जायचे असा कल आहे. ज्याचे ऑडिट त्यानेच फी द्यायची आणि पुढच्या वर्षी त्यालाच बोलवायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे, या व्यवस्थेत कडक अहवाल लिहिणारा ऑडिटर किती दिवस टिकेल?

कायद्याने धंदा बुडेल हे म्हणणे नवीन नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर कामावर जबर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, कायमचा अपंग झाल्यास तरतूद व्हावी, ही मागणी त्यात होती. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि मूळचे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. आजची चाकण वसाहत त्याच तालुक्यात आहे. त्या काळी कारखाने कायद्याला विरोध करणाऱ्यांत गिरणीमालक होते, तशीच पुण्यातली राष्ट्रीय बाण्याची पत्रेही होती. लँकेशायरच्या गिरण्यांना आपली स्पर्धा नको म्हणून हा कायदा आणला जात आहे, असे त्यांचे म्हणणे. तो संशय निराधार नव्हता, लँकेशायरचा स्वार्थ खरोखरच त्यात होता. पण त्या स्वार्थामुळे चात्यांवर उभ्या असलेल्या मुलांचे हात सुरक्षित झाले नाहीत. १८८१ च्या कायद्यात शंभर माणसांचा कारखाना धरला होता, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस, १९४८ मध्ये विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा. दर वेळी विरोध झाला आणि दर वेळी उद्योग वाढतच गेले. नव्या संहितेने ही मर्यादा दहावरून पुन्हा वीसवर नेली आहे, आणि हे मागे जाणे मला गंभीर वाटते.

राहिला लहान कारखान्यांचा प्रश्न. बारा प्रेस आणि तीस माणसे असलेल्या भोसरीतल्या उद्योजकाला पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसर परवडणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच त्याला सूट द्यायची हा आपला शिरस्ता झाला आहे, आणि बोटे तिथेच जातात. जर्मनीत एक कामगार असला तरी सुरक्षातज्ज्ञाची मदत घेणे मालकाला बंधनकारक आहे. लहान उद्योग ती बाहेरच्या सामायिक सेवेकडून ठरावीक तासांसाठी घेतात. आपल्याकडे वसाहतवार संघटना आधीच आहेत, सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली आहेत. पंचवीस-तीस गाळ्यांमागे एक परवानाधारक सेफ्टी ऑफिसर, महिन्यातले ठरावीक दिवस प्रत्येक गाळ्यात, आणि खर्च वर्गणीतून, हे अवघड का असावे? वर्गणीत मोठ्या कंपन्यांचाही वाटा असला पाहिजे, कारण त्यांच्याच गाड्यांचे भाग तिथे ठोकले जातात आणि दर तेच पाडून मागतात. अशा सामायिक अधिकाऱ्याचा एक फायदा तर मोठ्या कारखान्यातल्यालाही नाही: कुठल्याही एका मालकाच्या मर्जीवर त्याचे पोट नसते.

शेवटचा आक्षेप व्यवसायातल्याच ज्येष्ठांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. थांबवण्याचा अधिकार आला की जबाबदारी आली; उद्या अपघात झाला तर पोलीस पहिल्यांदा सेफ्टी ऑफिसरलाच उचलतील आणि मालक बाजूला राहील. आज कायद्याने मूळ जबाबदारी भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला मालक, आणि व्यवस्थापक यांची आहे, आणि ती तशीच राहिली पाहिजे. त्यावर उपाय नोंदीचा आहे. अधिकाऱ्याने काम थांबवण्याचा आदेश लेखी द्यावा, त्याची प्रत त्याच दिवशी संचालनालयाकडे जावी. मालकाला तो मान्य नसेल तर कलम ४१-ह सारखेच निरीक्षकाकडे जावे आणि निर्णय चोवीस तासांत व्हावा, म्हणजे आकसाने लाइन अडवून ठेवण्यालाही आळा बसेल. आदेश डावलून काम चालवले आणि कुणी दगावले, तर दोष डावलणाऱ्याचा. धोका समोर दिसत असताना ओळ लिहिली नाही, तर चौकशी होऊन अधिकाऱ्याचा परवाना निलंबित व्हावा. खाणीतले दाखले असे निलंबित होतात. आणि ज्याने असा आदेश दिला, त्याला पुढच्या दोन वर्षांत संचालनालयाच्या परवानगीशिवाय कामावरून काढता येऊ नये.

ही शेवटची अट मालकांना सगळ्यांत जड जाईल आणि मसुद्यातून पहिल्यांदा तीच गळेल अशी मला भीती आहे. एडीआयएस की नेबॉश यावर शक्ती खर्च करणाऱ्या दोन्ही गटांनी राज्याच्या नियमांवरच्या हरकती-सूचनांत ती एकत्र मागावी. सुरक्षा समित्यांतल्या कामगार प्रतिनिधींनी आणि संघटनांनी तिच्या खाली सह्या कराव्यात. पात्रतेचे कलम ती मान्य होण्याआधी लिहून पूर्ण झाले, तर ती नंतर मागायला कुणाकडे जोर उरणार नाही.